पत्र्याखालचा हिशेब

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वेची आखणी केली तेव्हा सगळ्यात आधी एक आकडा पक्का केला. इंजिन असो, मालडबा असो की उतारूंचा डबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये. तो आकडा ठरला आणि बाकीचा खर्च त्याच्या मागोमाग ठरत गेला. रूळ हलके चालले, पूल हलके चालले, भराव कमी लागला. डब्यांचे सांगाडे त्याने लीड्स फोर्ज या कारखान्यातून दाबून घडवलेल्या पोलादाचे करून घेतले, म्हणजे डब्याचे स्वतःचे वजन घटले आणि त्या जागी माल भरता आला. अडीच फुटी गेजची ही गाडी 1897 साली कुर्डुवाडीहून, म्हणजे त्या वेळच्या बार्शी रोड स्टेशनाहून, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत पोचली. तोवर बार्शीच्या पेठेतला कापूस आणि गळिताचे धान्य बैलगाड्यांनी मुख्य लोहमार्गापर्यंत जात होते. पुढे हाच मार्ग 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला भिडला, 1954 मध्ये सरकारने तो विकत घेतला आणि 2008 मध्ये बार्शीवरून ब्रॉडगेजची गाडी धावू लागली.

लोखंडाच्या शेडच्या अंदाजपत्रकावरील पुस्तकाची सुरुवात रेल्वेपासून करण्याला कारण आहे. आधी भार ठरवायचा, मग लोखंड ठरवायचे आणि शेवटी पैसा मोजायचा, हा कॅलथ्रॉपचा क्रम. बार्शीत, आणि खरे तर महाराष्ट्राच्या बहुतेक तालुक्यांत, आज शेड बांधणारा माणूस नेमका उलट्या टोकाने सुरू करतो. फॅब्रिकेटरच्या दारात उभा राहून त्याचा पहिला प्रश्न असतो, “स्क्वेअर फुटाला काय पडंल?” फॅब्रिकेटरही लगेच आकडा सांगतो, कारण न सांगितला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. त्या आकड्यात खांब किती जाड, पत्रा किती मिलिमीटरचा, पाया किती खोल, जीएसटी धरला की नाही, यातले काहीही नसते. तरी त्याच आकड्याला लांबी-रुंदीने गुणून बँकेत कर्जाची फाईल जाते, आणि काम निम्म्यावर आले की पैसा संपतो.

हे पुस्तक त्या प्रश्नाला विरोध करत नाही. चौरस फुटाचा भाव शेवटी काढावाच लागतो. पण तो हिशेबाच्या शेवटी यावा, सुरुवातीला नव्हे, एवढाच या पुस्तकाचा आग्रह आहे आणि तो पानोपानी दिसेल.

विषयाचा आवाका नवख्या वाचकाला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. दोन ट्रॅक्टर उभे करण्याचे गॅरेज, गोठा, डाळमिल, जिनिंग, भुसार मालाचे गोदाम, वर्कशॉप, मंगल कार्यालय ही सगळी कामे एकाच फॅब्रिकेटरकडून, बहुधा एकाच प्रकारच्या कैचीने (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याने) होतात. वरून ती सारखी दिसतात, आत मात्र प्रत्येकाची गरज वेगळी. गोठ्याला वारा हवा, गोदामाला वारा हवा तेव्हा आणि हवा तेवढाच. डाळमिलमध्ये यंत्राचा हादरा खांबापर्यंत जातो. ट्रॅक्टरच्या गॅरेजला भिंती नसल्या तरी चालते, पण मग वळवाचा वारा आतून पत्रा उचलतो आणि पायाचा खर्च वाढतो. तेव्हा शेड म्हणजे चार खांब आणि वर पत्रे, ही समजूत सोडूनच पुस्तकात शिरावे लागेल.

पत्र्याच्या आधीही या भागात धान्य साठवले जातच होते. गावच्या पांढरीत खणलेली पेवे, भिंतीत बांधलेली बळदे, वाड्यातली कोठारे यांत ज्वारी टिकत होती. कोरड्या हवेचा प्रदेश असल्याने पेवातले धान्य हवाबंद राही आणि किडा धरत नसे. घरे माळवदाची, दगडमातीच्या जाड भिंतींची. या बांधणीत खर्च मुख्यतः श्रमाचा होता, रोख पैशाचा कमी. पण ती सारी घरगुती साठवण होती. पेठेला लागणारी साठवण निराळी. तिथे पोती आत यावी लागतात, थप्पीने लागावी लागतात, गाडी दाराशी लागावी लागते आणि हमालाला पाठीवर पोते घेऊन ताठ चालता यावे लागते.

पन्हाळीदार पत्र्याचे पेटंट 1829 साली हेन्री रॉबिन्सन पामर याने घेतले. तो लंडनच्या गोदीचा इंजिनिअर होता आणि त्याने त्या पत्र्याची पहिली शेड गोदीतच उभारली, आतून कैची न लावता, पत्र्यालाच कमान देऊन. सपाट पत्रा वाकतो, पन्हाळी पाडली की तोच पत्रा ताठ राहतो. कमी लोखंडात जास्त अंतर झाकता आले ते यामुळे. 1837 मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि गंजाचा प्रश्न बराच आवाक्यात आला. इथून पुढे पत्रा जहाजात बसून जगभर गेला. हिंदुस्थानात तो रेल्वेची स्टेशने, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि गिरण्या यांच्याबरोबर आत शिरला. सोलापुरात 1877 साली जुनी मिल सुरू झाली, पुढे बार्शीतही कापडगिरण्या निघाल्या, आणि लोखंडी खांब, कैची, पत्रा ही कामे जाणणारे कारागीर या भागात तयार होत गेले. सोलापूरचे वालचंद हिराचंद ठेकेदारीत उतरले तेही लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे भागाचे काम घेऊन. पुढे जहाजे आणि विमानांपर्यंत गेलेल्या या उद्योजकाची सुरुवात टेंडरचा आकडा भरण्यापासून झाली, हे अंदाजपत्रकावरच्या पुस्तकात नोंदवण्याजोगे आहे.

विसाव्या शतकात दोन महायुद्धांनी या बांधणीला वेग दिला. 1916 मध्ये निसेनची अर्धगोल झोपडी आली, 1941 मध्ये अमेरिकेची क्वॉन्सेट झोपडी. सुटे भाग कारखान्यात करायचे आणि जागेवर नुसते बोल्टने जोडायचे, ही रीत सैन्याने रुळवली. अमेरिकेत बटलरसारख्या कंपन्यांनी तीच रीत शेतातल्या आणि कारखान्यांच्या इमारतींसाठी पुढे नेली, आणि गेल्या दोन-तीन दशकांत ती पीईबी (प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग) या नावाने आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणापर्यंत पोचली. 1972 मध्ये बेथलेहेम स्टीलने जस्त आणि ॲल्युमिनियमच्या मिश्र मुलाम्याचा गॅल्व्हल्यूम पत्रा बाजारात आणला. आज मिळणाऱ्या रंगीत पत्र्यांपैकी बऱ्याच पत्र्यांच्या रंगाखाली हाच मुलामा असतो.

मराठवाड्याच्या वेशीवर असलेल्या बार्शीसाठी आणखी एक तारीख महत्त्वाची आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचा जड थर यांखाली हजारो माणसे गेली. त्यानंतर या साऱ्या पट्ट्यात हलक्या छपराकडे पाहण्याची दृष्टी बदलली. जो पत्रा गरिबीची खूण मानला जात होता तो जीव वाचवणारा ठरला.

आजच्या घडीला बांधणीच्या चार-पाच घराण्यांतून निवड करावी लागते. सर्वांत रुळलेले घराणे अँगलच्या किंवा पाइपच्या कैचीचे. गावातला फॅब्रिकेटर जागेवरच कापतो, जोडतो, चढवतो. दुरुस्ती सोपी, पुढे वाढवणे सोपे, पण कामाचा दर्जा वेल्डरच्या हातावर. दुसरे पीईबीचे. यात खांब आणि तुळया जिथे ताण जास्त तिथे रुंद, जिथे कमी तिथे निमुळत्या केलेल्या असतात, म्हणून लोखंड वाचते. मधे खांब न घेता साठ-ऐंशी फुटांचा गाळा मोकळा मिळतो. मात्र नकाशा एकदा कारखान्यात गेला की बदल महाग पडतो, आणि क्रेन येण्याइतका रस्ता जागेपर्यंत हवा. तिसरे चौकोनी पोकळ नळ्यांचे, लहान शेड आणि गॅरेजसाठी सुटसुटीत. चौथे जुन्या मालाचे : बंद पडलेल्या कारखान्याची शेड काट्यावर मोजून विकत घ्यायची आणि पुन्हा उभी करायची. त्यात पैसा खरोखर वाचतो, पण जुन्या भोकांच्या आणि गंजाच्या जागा इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात घालू नये. पाचवे कैचीविना कमानी छपराचे, ज्यात पामरची जुनीच कल्पना नव्या यंत्राने जागेवर पत्रा वाकवून साधली जाते.

छपरासाठी सिमेंटचा पत्रा अजूनही सर्रास वापरला जातो, कारण तो स्वस्त आहे आणि उन्हात लोखंडी पत्र्याइतका तापत नाही. पण त्यातले ॲस्बेस्टॉस कर्करोग घडवते, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे. तो कापताना, भोके पाडताना आणि पुढे काढताना धूळ कामगाराच्या छातीत जाते. हा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो. या पुस्तकात सिमेंटच्या पत्र्याचा हिशेब मुद्दाम दिलेला नाही, आणि ते योग्यच झाले.

बांधणीची जशी घराणी, तशी हिशेबाचीही. चौरस फुटाचा भाव हे पहिले. किलोचा भाव हे दुसरे आणि लोखंडी कामात जास्त प्रामाणिक. तिसरे सरकारी वळणाचे : सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची हाताशी धरून खोदाई, सोलिंग, काँक्रीट, लोखंड, पत्रा अशी बाबवार मोजणी. इंजिनिअरिंगच्या पिढ्या बी. एन. दत्ता यांच्या पुस्तकावरून हे शिकल्या. चौथे उक्त्या कामाचे, ठरलेल्या रकमेत चावी हातात. पाचवे घराणे आपल्याकडे फार थोडे लोक पाळतात. त्यात बांधकामाच्या खर्चात पंधरा-वीस वर्षांची रंगरंगोटी, पत्रेबदल, वीज आणि व्याज मिळवून वर्षाला किती पडते ते पाहतात. पुस्तकाचा कल बाबवार मोजणी आणि वर्षांचा हिशेब यांच्या जोडीकडे आहे. किलोच्या भावाला त्यात मानाचे स्थान आहे, पण काट्याच्या पावतीसकट.

एक उदाहरण जवळून पाहू. साठ फूट रुंद, शंभर फूट लांब गोदाम. पोती पंधरा फूट उंचीपर्यंत लावायची. म्हणजे सुमारे 2,550 घनमीटर जागा. गोदाम-अनुदानाच्या सरकारी योजनांत घनमीटरला 0.4 टन असे क्षमतेचे सूत्र वापरतात, त्यात मधली बोळ आणि फिरण्याची जागा धरलेली आहे. त्या सूत्राने हे गोदाम सुमारे एक हजार टनांचे झाले, पन्नास किलोची वीस हजार पोती. आता लोखंड. हिशेबापुरते चौरस फुटाला चार किलो धरले तर 24 टन. तयार करून चढवून किलोला शंभर रुपये धरले तर 24 लाख, आणि 18 टक्के जीएसटीचे 4 लाख 32 हजार. भाव किलोमागे पाच रुपयांनी हलला की एक लाख वीस हजारांचा फरक. हे दर केवळ नमुन्याचे आहेत, पण प्रमाण खरे आहे. ज्याने कोटेशन घेताना भाव किती दिवस बांधलेला आहे हे लिहून घेतले नाही, त्याचा हिशेब पहिल्याच महिन्यात हलतो.

त्याच गोदामाचा पत्रा पाहा. अर्ध्या मिलिमीटरऐवजी 0.45 मिलिमीटरचा घेतला तर काय वाचते? एक चौरस मीटर पोलाद, एक मिलिमीटर जाड, 7.85 किलो भरते. 0.05 मिलिमीटरच्या फरकाने, पन्हाळीची जादा रुंदी धरून, सगळ्या छपरात अडीचशे ते तीनशे किलो कमी लागतील. म्हणजे पंचवीस-तीस हजार रुपये. आता पत्र्याखाली काय आहे ते मोजा. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. एक हजार टन सोयाबीन म्हणजे पाच कोटी 32 लाखांचा माल. त्यातला एक टक्का भिजला तर पाच लाखांहून अधिक गेले. पत्र्याच्या जाडीत काटकसर कुठे करावी आणि कुठे नाही, हे या दोन आकड्यांशेजारी ठेवून पाहावे.

गळतीची सुरुवातही बहुधा पत्र्यात नसते, ती स्क्रूपाशी असते. पूर्वी जे-बोल्ट आणि डांबरी वॉशर लावत, आता स्क्रू आणि त्याखाली रबराचा वॉशर असतो. छपरावर भर दुपारी काम करणारा पोरगा ड्रिलचे बटण सोडत नाही, स्क्रू जास्त आवळला जातो, रबर बाजूला फुगून फाटते. पहिल्या पावसाळ्यात काही दिसत नाही. दोन-तीन उन्हाळे गेले की फाटलेले रबर कडक होते आणि थेंब आत येऊ लागतो, नेमका थप्पीच्या वरच्या पोत्यावर. ते पोते काढेपर्यंत बुरशी चार पोत्यांत गेलेली असते. चांगल्या स्क्रूचा आणि जपून काम करणाऱ्या माणसाचा जादा खर्च एकूण अंदाजपत्रकात शोधूनही सापडणार नाही इतका लहान असतो.

वाऱ्याचे गणित याहून कमी लोकांना माहीत आहे. शेडचा शत्रू तिचे वजन नाही, तिचे हलकेपण आहे. भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात शहरवार वाऱ्याचा मूळ वेग दिला आहे, पुण्याला सेकंदाला 39 मीटर, मुंबई आणि नागपूरला 44. सेकंदाला 39 मीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला नव्वद किलोच्या घरात जातो आणि पत्रा स्वतः भरतो चार-पाच किलो. उतारानुसार आणि दारे-खिडक्यांनुसार हा दाब कमीजास्त होतो, तरी छप्पर उचलले जाण्याकडेच ओढ राहते. एप्रिल-मेच्या वळवात पत्रे उडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात त्या यामुळे. म्हणून पायातले काँक्रीट नुसते खांब पेलण्यासाठी नसते, खांब खाली धरून ठेवण्यासाठीही असते. बेस प्लेटचे चार बोल्ट आणि त्याखालचा काँक्रीटचा ठोकळा यांत पैसे वाचवणारा ठेकेदार मालकाचे भले करत नसतो.

दोन कोटेशनांची तुलना करताना आणखी एक जागा तपासावी लागते. भारतीय मानकाप्रमाणे ज्यावर माणसांची ये-जा नाही अशा कमी उताराच्या छपरावर चौरस मीटरला 0.75 किलोन्यूटन भार धरायचा, म्हणजे सुमारे 75 किलो. अमेरिकी पद्धतीच्या आराखड्यात 0.57 धरण्याचा प्रघात आहे. मग एका कोटेशनमध्ये लोखंड कमी दिसते आणि तो कारखाना स्वस्त वाटतो. दोन्ही पद्धतींच्या इमारती उभ्या आहेत, प्रश्न तो नाही. पण पुढे छपरावर सोलर लावायचे असेल तर चौरस मीटरला आणखी 12 ते 15 किलो कायमचे येणार, आणि ते आजच आराखड्यात धरले तर थोड्या लोखंडात भागते. नंतर कैच्या मजबूत करत बसणे अनेक पटींनी महाग.

मग येते जमीन. बालाघाटच्या पायथ्याशी असलेल्या या तालुक्यात एका गटात हातभर खाली मुरूम लागतो आणि बांधापलीकडे पुरुषभर खणले तरी काळीच. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची फरशी सोबत घेऊन हलते. थप्पी लागलेल्या गोदामात फरशीवर चौरस मीटरला सहज अडीच-तीन टन भार येतो. काळी माती काढून मुरूम भरणे, पाणी मारून रोलर फिरवणे, सोलिंग, मग काँक्रीट आणि ट्रिमिक्स (काँक्रीटमधले जादा पाणी ओढून घेणे), हा सगळा खर्च जमिनीखाली जातो आणि कोणालाच दिसत नाही. म्हणून तोच पहिल्यांदा छाटला जातो. जेसीबी लावून चार कोपऱ्यांत आणि मध्ये खड्डे घेणे हा साऱ्या प्रकल्पातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खर्च आहे. जागा विकत घेण्याआधी तो केला तर आणखीच बरे.

पैशाच्या बाजूनेही शेड ही केवळ बांधकामाची बाब राहत नाही. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या ग्रामीण पतपुरवठा समितीने 1954 मध्ये गोदामांची गरज मांडली, 1956 मध्ये कायदा झाला, 1957 मध्ये केंद्रीय आणि महाराष्ट्र राज्य वखार महामंडळे उभी राहिली. गोदामाची पावती हा कर्जाचा आधार झाला. राज्याच्या कृषी पणन मंडळाने 1990-91 पासून शेतमाल तारण योजना बाजार समित्यांमार्फत चालवली. त्यात सोयाबीन, तूर यांसारख्या मालावर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. 2007 च्या गोदाम विकास व नियमन कायद्याने पावतीला कायद्याचे बळ दिले आणि 2017 पासून ती इलेक्ट्रॉनिक झाली. याचा शेडच्या खर्चाशी थेट संबंध आहे. नोंदणीकृत गोदामाला जोते उंच लागते, उंदीर शिरू नये अशी दारे लागतात, धुरीच्या वेळी बंद करता येणारे झरोके लागतात, वजनकाटा आणि विमा लागतो. या गोष्टी मागाहून बसवता येतात, पण दुप्पट पैशात.

अनुदानाबाबत सर्वाधिक गैरसमज आहेत. केंद्राच्या कृषी पणन पायाभूत योजनेत सर्वसाधारण गटाला 25 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना 33.33 टक्के साहाय्य आहे, पण ते बँकेच्या कर्जाशी जोडलेले आणि मागाहून जमा होणारे आहे. बांधकाम चालू असताना ठेकेदाराला द्यायला तो पैसा हातात नसतो. 2020 मध्ये आलेल्या एक लाख कोटींच्या कृषी पायाभूत निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे तीन टक्के व्याजसवलत मिळते. तीही सवलतच आहे, भांडवल नव्हे. अनुदान वजा करून उरलेली रक्कम म्हणजे खर्च, असे धरून काम काढणाऱ्यांची शेड पत्र्याविना उभी राहते, आणि तेवढ्यासाठी मग सावकाराचे दार गाठावे लागते. हे तालुक्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

जीएसटीचेही तसेच. स्वतःच्या वापरासाठी बांधलेल्या इमारतीवर भरलेला कर कायद्याच्या 17(5) कलमामुळे परत वळता होत नाही. शेतमालाच्या साठवणुकीवर कर माफ आहे, त्यामुळे भाड्यातूनही तो वसूल होत नाही. तेव्हा 18 टक्के ही बाब हिशेबात खर्च म्हणूनच लिहावी. बिनशेतीची कागदपत्रे, एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीतली सामासिक अंतरे, आग विझवण्याची सोय, थ्री-फेज वीज आणि रस्ता या बाबी जागेगणिक बदलतात. नकाशा काढण्याआधी त्यांची चौकशी नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत आणि तहसिलात करावी.

हे सगळे आत्ताच का? कारण पीक बदलले आहे आणि पाऊसही. ज्वारी घरात वर्षभर राहत होती, सोयाबीन ऑक्टोबरात एकदम बाजारात येते. ओलाव्याची मर्यादा बारा टक्क्यांची, आणि माल येतो तेव्हा तो त्याहून ओला असतो. वाळवायला ओटा आणि ठेवायला छप्पर नसले तर पडेल त्या भावाने द्यावा लागतो. त्यात ऑक्टोबर 2020 ची अतिवृष्टी आणि सप्टेंबर 2025 मधला सीना नदीचा पूर यांनी दाखवून दिले की पर्जन्यछायेतल्या सोलापूर जिल्ह्यालाही आता जोत्याची उंची आणि पाण्याचा निचरा गृहीत धरून चालणार नाही. जुन्या जाणत्यांना विचारून पुराची खूण कुठवर आली होती ते समजते. ती खूण अंदाजपत्रकात रुपयांत उतरली पाहिजे. शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या, त्यांच्याकडे पहिल्यांदाच गोदाम बांधण्याचा निर्णय आला, आणि तो घेणाऱ्या संचालकांपैकी बहुतेकांनी घरापलीकडे काही बांधलेले नाही. हे पुस्तक मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. पहिल्यांदाच कर्ज काढून शेड टाकणाऱ्या डाळमिलवाल्यासाठी, गॅरेजवाल्यासाठी आणि त्यांना कर्ज मंजूर करणाऱ्या शाखाधिकाऱ्यासाठीही.

पुस्तक इंजिनिअरची जागा घेऊ पाहत नाही. खांबाचा आडवा छेद किती असावा, हे ठरवणे आराखडाकाराचे काम आहे आणि त्याची फी हा वाचवण्याचा खर्च नाही. पण त्या आराखडाकाराला काय सांगायचे, फॅब्रिकेटरला काय विचारायचे, काट्याची पावती कशी ताडून पाहायची, कोणत्या टप्प्यावर किती रक्कम द्यायची आणि किती हातात राखायची, इथे मालकाला कोणी शिकवत नाही. लोखंडाचे हिशेबी वजन आणि काट्यावरचे वजन यांत फरक किती असावा, वाया जाणारे तुकडे कोणाच्या खाती, वेल्डिंगनंतर प्राइमर लागला की नुसताच रंग, अशा लहान प्रश्नांची उत्तरे इथे विस्ताराने आली आहेत. पुस्तकाची भाषा कामावरची आहे. फाउंडेशन बोल्टला कुठे संस्कृत नाव दिलेले नाही.

लेखनात एक पथ्य पाळले आहे. तक्त्यांत भाव छापलेले नाहीत. छापलेला भाव पुस्तक बांधून होईपर्यंत शिळा होतो आणि वाचकाला चुकीच्या आत्मविश्वासाने बाजारात धाडतो. त्याऐवजी प्रत्येक तक्त्यात वजन, मोजमाप आणि प्रमाण दिले आहे आणि भावाचा रकाना कोरा सोडला आहे. 50 बाय 50 बाय 6 चा अँगल मीटरला साडेचार किलो भरतो, हे दहा वर्षांनीही बदलणार नाही. त्या आठवड्याचा लोखंडाचा भाव दोन दुकानांत, मुरमाचा ब्रासचा भाव टिपरवाल्याकडे आणि चढवण्याची मजुरी फॅब्रिकेटरकडे विचारून वाचकाने तो रकाना पेन्सिलीने भरावा. खाली दहा टक्के आकस्मिक खर्चाची ओळ आहे, ती खोडू नये. काळ्या मातीची जागा असेल तर तिथे पंधरा लिहावे, आणि काम पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होणार असेल तर फाईल बँकेत देण्याआधी शेजारच्या रकान्यात थांबलेल्या दिवसांचे व्याजही मांडावे.